क्षेत्रनामाची नोंद आणि नोंदणीकाराची विश्वसनीयता

संगणकजालावर एखाद्या संस्थेचे जे नाव असते, ज्याला व्यवहारात ‘डोमेन नेम’ म्हणतात आणि ज्याला येथे क्षेत्रनाम म्हटले आहे, ते ‘विकत घेतले’ असे बोलण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. हा शब्दप्रयोग दिशाभूल करणारा आहे. क्षेत्रनाम विकले जात नाही. ते एका नोंदवहीत ठराविक मुदतीसाठी लिहिले जाते. ही मुदत सामान्यतः एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत असते आणि ती संपताच नोंद पुन्हा करावी लागते. एखाद्या विभागाचा बोलीकोश, हस्तलिखितांची सूची किंवा शोधपत्रिका अशा नावाखाली प्रसिद्ध झाली, की पुढील प्रबंधांच्या तळटीपांत तोच पत्ता उतरत जातो. पुढे नोंद खंडित झाली आणि ते नाव दुसऱ्या कोणी घेतले, तर तळटीप अक्षरशः जशीच्या तशी राहते; वाचक मात्र भलत्याच ठिकाणी पोहोचतो. पुस्तकाची आवृत्ती संपल्याने असे कधी घडत नाही.

ही नोंदवही राखणारी संस्था एक आणि अर्जदाराकडून शुल्क घेऊन तीत नोंद करविणारी संस्था दुसरी. भारतात ‘डॉट इन’ व ‘डॉट भारत’ या नामांची वही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजेच ‘निक्सी’, ही 2003 साली स्थापन झालेली संस्था राखते. ‘डॉट कॉम’सारख्या सार्वत्रिक नामांच्या व्यवस्थेवर 1998 साली स्थापन झालेल्या ‘आयकॅन’ या संस्थेचे नियंत्रण असते. नोंद करविणाऱ्या संस्थेला इंग्रजीत ‘रजिस्ट्रार’ म्हणतात; परंतु विद्यापीठाच्या आवारात त्या शब्दाने कुलसचिवच डोळ्यांपुढे उभे राहत असल्यामुळे येथे ‘नोंदणीकार’ हा शब्द योजिला आहे. नोंदणीकाराच्याही खाली पुनर्विक्रेते असतात. आपल्या गावात संकेतस्थळ बांधून देणारा व्यावसायिक पुष्कळदा याच तिसऱ्या पायरीवर उभा असतो आणि ग्राहकाला त्याच्या वरच्या दोन पायऱ्यांचा पत्ताही नसतो.

नोंद राखणारा आणि नोंदीचा धनी यांतील भेद कोल्हापूरकरांना नवा नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी 1918 साली करवीर संस्थानातील कुलकर्णी वतन रद्द करून गावोगाव पगारी तलाठी नेमले. त्या निर्णयामागे सामाजिक कारणे होतीच. पण त्यात एक व्यवस्थाविषयक मर्मही होते. दप्तर वंशपरंपरेने एकाच घरात राहिले, की ज्याची जमीन त्यालाच आपल्या नोंदीसाठी दप्तर राखणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. क्षेत्रनामाच्या बाबतीतही पहिली कसोटी हीच होय: नोंदीत धारक म्हणून कोणाचे नाव आहे? सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या जागी दुसऱ्याचेच नाव असेल, तर शेतसारा आपण भरला या समाधानाला फारसा अर्थ उरत नाही. संकेतस्थळ बांधणारा व्यावसायिक सोयीसाठी, क्वचित हेतुपुरस्सर, धारकाच्या जागी स्वतःचे नाव व स्वतःचा विपत्र-पत्ता लिहितो. त्याच्याशी संबंध तुटले, की संस्था आपल्याच नावापुढे परकी ठरते. युरोपीय संघाचा विदासंरक्षण कायदा 2018 साली अमलात आल्यापासून धारकांचे तपशील जाहीर शोधात बहुधा झाकलेले असतात. म्हणून ही पडताळणी संस्थेने स्वतःच्या खात्यात शिरूनच करावयास हवी. त्यासाठी आधी ते खाते संस्थेच्या हाती असावे लागते.

दुसरी कसोटी अधिकृत मान्यतेची. नोंदणीकाराचे नाव आयकॅनच्या किंवा निक्सीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही, हे पाहणे पाच मिनिटांचे काम आहे. मात्र मान्यता म्हणजे स्थैर्याची हमी नव्हे. नेट फोर इंडिया ही देशातील जुन्या नोंदणीकारांपैकी एक कंपनी. तिच्याविरुद्ध 2019 साली दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. त्यानंतर अनेक ग्राहकांना नावांचे नूतनीकरण करता येईना, की नाव दुसरीकडेही नेता येईना. अखेर 2021 साली आयकॅनने तिची मान्यता संपुष्टात आणली आणि आयकॅनच्या कक्षेतील नावे मुंबईच्या पब्लिक डोमेन रजिस्ट्री या नोंदणीकाराकडे एकगठ्ठा सोपविण्यात आली. अमेरिकेत रजिस्टरफ्लाय या नोंदणीकाराची मान्यता 2007 साली अशाच गोंधळानंतर गेली होती. ग्राहकांच्या नोंदींची प्रत त्रयस्थ संस्थेकडे ठेव म्हणून असावी, या नियमाची कडक अंमलबजावणी त्या प्रकरणानंतरच झाली. दोन्ही प्रसंगांत नावे बहुतांशी वाचली हे खरे. परंतु मधला काळ ज्यांनी काढला त्यांना ते वाचणे फार सुखाचे वाटले नसावे.

म्हणून नोंदणीकाराकडे प्रवेश कसा मिळतो यापेक्षा तेथून बाहेर कसे पडता येते, हे आधी विचारावे. सार्वत्रिक नामांपुरता नियम असा की, धारकाने मागणी केल्यावर स्थलांतरासाठी लागणारी सांकेतिक किल्ली पाच दिवसांत दिली पाहिजे. मुदत संपण्यापूर्वी सुमारे एक महिना व सुमारे एक आठवडा अशा दोन सूचना आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत एक सूचना पाठविली पाहिजे. नोंद रद्द झाल्यानंतरही तीस दिवसांचा विमोचनकाळ असतो, पण त्यातले शुल्क नेहमीच्या शुल्काहून पुष्कळ मोठे असू शकते. हे नियम ‘डॉट इन’ला जसेच्या तसे लागू नाहीत, तेथे निक्सीचे नियम पाहावे लागतात. पहिल्या वर्षी नाममात्र दर लावणाऱ्याचा दुसऱ्या वर्षीचा दर विचारणे ही तर साधी व्यवहाराची गोष्ट आहे.

काही नामांपुरता निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘एसी डॉट इन’ हे शैक्षणिक नाम केवळ अर्नेट इंडिया या संस्थेमार्फत मिळते. बँकांनी ‘बँक डॉट इन’ या नामाखाली यावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने 2025 साली काढला व त्यासाठी त्या वर्षीची 31 ऑक्टोबर ही मुदत घातली. तेथेही हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था नोंदणीकार आहे. पात्रता तपासूनच नाव द्यावयाचे असेल, तर दार एकच असणे इष्ट, हे त्यामागील तत्त्व होय. विभागाने प्रकल्पासाठी स्वतंत्र ‘डॉट कॉम’ घेण्यापूर्वी विद्यापीठाच्याच नामाखाली उपनाम मिळते का, हे विचारावे. बहुधा तेच अधिक टिकाऊ ठरते.

नाव देवनागरीत असेल, तर प्रश्न अधिक सूक्ष्म होतो आणि भाषाभ्यासकाचा संबंध खरा येथेच येतो. ‘डॉट भारत’ हे देवनागरी नाम 27 ऑगस्ट 2014 रोजी खुले झाले. मराठी, कोंकणी, हिंदी, नेपाळी यांसह आठ भाषांसाठी ते आहे. परंतु लिपी एक असली तरी लेखनरूढी एक नाही. मराठीत ‘कोल्हापूर’ दीर्घ, हिंदीत ‘कोल्हापुर’ ऱ्हस्व. यंत्राच्या दृष्टीने ही दोन स्वतंत्र नावे असून ती दोन निराळ्या धारकांकडे जाऊ शकतात. एका स्वराचा भेद किती महागात पडतो, याचा दाखला रोमन लिपीतही आहे: ‘रेडिफ’ आणि ‘रॅडिफ’ या नावांचा वाद 1999 साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि क्षेत्रनामालाही व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने मानले.

याहून बिकट गोष्ट ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांची. समुद्र आणि डोंगरांमधील खोलगट भाग यांत मराठी भाषक गल्लत करीत नाही. ‘दऱ्या’मधला अर्धा र मात्र संगणकात दोन प्रकारे साठविता येतो: एक, ‘ऱ’ला हलन्त जोडून; दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. क्षेत्रनामांसाठी 2003 साली ठरलेल्या संकेतांनुसार हे अदृश्य चिन्ह गाळले जाई. परिणामी दुसऱ्या रीतीने टंकलेल्या ‘दऱ्या’ची नोंद निमूटपणे ‘दर्या’ अशी होई. पुढे 2010 साली आलेल्या संकेतांनी हलन्तानंतर ते चिन्ह ठेवण्यास वाव दिला; तथापि ते स्वीकारावे की नाही, हे प्रत्येक वहीचे स्वतंत्र नियम ठरवितात.

प्रत्यक्ष नोंद देवनागरीत होतच नाही. ती ‘एक्स-एन’ व दोन संयोगचिन्हे यांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरमालेत होते. यास्तव शुल्क भरण्यापूर्वी नोंदणीकाराकडून ती अक्षरमाला मागून घ्यावी, तीवरून देवनागरी रूप उलट काढून पाहावे आणि मगच नोंद करवावी. विभागाच्या जडसंग्रह-नोंदवहीत देवनागरी नावाशेजारी ही अक्षरमाला, धारकाचे नाव आणि मुदत संपण्याची तारीख लिहून ठेवावी. ज्या प्राध्यापकाच्या खाजगी विपत्र-पत्त्यावर सूचना येत असत, ते निवृत्त झाल्यावर पुढील सूचना कोणाकडे जातील, हेही त्याच पानावर नमूद असावे.