कॅमेरा, इजाजत आणि अमानत

विट्याच्या हौसाताई पाटील यांची चित्रित मुलाखत प्रत्येक सातारा-सांगलीकराने एकदा तरी पाहावी. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या त्या कन्या. ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संग्रहासाठी पत्रकार पी. साईनाथ त्यांना भेटले, तेव्हा ताईंनी नव्वदी ओलांडली होती.

प्रतिसरकारच्या तुफान सेनेला भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारे हवी होती. बेत असा ठरला, की एका साथीदाराने नवरा असल्याचे सोंग घेऊन ठाण्यासमोर हौसाताईंना मारायचे, पोलीस सोडवायला धावले की बाकीच्यांनी आत शिरायचे. बेत तडीस गेला. मुलाखत संपता संपता ताईंनी साईनाथांनाच विचारले, मला तुमच्याबरोबर कामाला नेता का?

23 सप्टेंबर 2021 रोजी हौसाताई गेल्या. प्रतिसरकारवर पुस्तके आहेत, पण ताईंची बोली, मधेच थांबणे, हातवारे हे सारे कॅमेऱ्याने जपले. भेट आणखी काही वर्षे लांबली असती, तर तेही त्यांच्याबरोबर गेले असते.

फोटो काढणे आणि अभ्यास करणे

समाजाचा अभ्यास करणारे लोक फोटो आणि व्हिडिओ हे संशोधनाचे साधन मानतात. लग्नातला व्हिडिओ आणि संशोधनातला व्हिडिओ यांत फरक महागड्या कॅमेऱ्याचा नाही. अभ्यासाच्या मागे एक प्रश्न असतो, समोरच्याची परवानगी असते आणि कोण, कुठे, कधी याची नोंद असते.

ही शिस्त सुरुवातीपासून नव्हती. 1860 च्या दशकात विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींचे फोटो पुस्तकरूपाने काढले. त्यात माणसांचे फोटो एकीकडे घेतलेले आणि मागचा देखावा दुसरीकडचा जोडलेला, असे प्रकार होते. लोक समोर उभे राहिले, पण आपल्याविषयी काय दाखवायचे हे ठरवणारा दुसराच होता.

पुढे हे चित्र उलटले. 1984 मध्ये अहमदाबादच्या ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेने ‘व्हिडिओ सेवा’ सुरू केले. तिथे भाजी विकणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बायाही कॅमेरा चालवायला शिकल्या आणि आपल्याच धंद्यातल्या अडचणी त्यांनी चित्रित केल्या. 1990 च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी खेड्यातल्या स्त्रियांच्या हाती साधे कॅमेरे दिले. त्या स्त्रियांनी आपल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढले, त्यांवर एकत्र बसून चर्चा केली आणि आपली गरज अधिकाऱ्यांपुढे मांडली. या पद्धतीला पुढे ‘फोटोव्हॉइस’ असे नाव पडले.

आपल्या घरातला खजिना

आता मिरजेकडे वळू. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. आज तिथे सितारमेकर हे आडनावच आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळाले.

आता एखाद्या कारागिराला विचारा, जवारी कशी लावता? तो चार वाक्ये सांगेल. पण त्याच्या हाताचा व्हिडिओ घ्या. तार छेडून कान लावणे, घोडीवर हलकेच कानस फिरवणे, परत छेडणे, मान हलवणे, हे सारे त्यात येते. हे ज्ञान कागदावर पुरते उतरत नाही. मुलगा नोकरीला लागला आणि बाप थकला, की ते घरातल्या घरात संपते.

असे ज्ञान फक्त मिरजेतच नाही. शिकलगार, अत्तार, बागवान, मणियार, पिंजारी, तांबोळी ही आडनावेच एकेका हुनराची आठवण आहेत. दादीला कापूस पिंजणाऱ्या धनुकलीचा आवाज आठवत असेल. नानांना कोणत्या बाजाराला कोणत्या वाटेने जायचे, ते ठाऊक असेल. ते कुणी विचारले आहे का?

आधी इजाजत

आपल्या घरांत कॅमेऱ्याविषयी संकोच असतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. सजीवांच्या तस्वीरीबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. काही घरांत बायकांचे फोटो चालत नाहीत. त्याचा मान ठेवूनही काम होते. फक्त हात, अवजारे, जुने दस्तऐवज, घराची चौकट यांचे फोटो घ्यावेत. नाहीतर नुसता आवाज ध्वनिमुद्रित करावा.

सूरह नूरमध्ये इजाजत घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात न शिरण्याची शिकवण आहे. कॅमेराही घरात शिरतोच. म्हणून त्यालाही तोच नियम लावावा. मिळालेली तस्वीर ही अमानत आहे. ज्याची आहे त्याला ती आधी दाखवावी आणि त्याने नको म्हटले तर पुसून टाकावी.

निनावी चित्राचे काय होते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. सप्टेंबर 2023 मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून हिंसाचार भडकला आणि एका तरुणाचा जीव गेला. कुणी, कुठे, केव्हा हे न विचारता चित्र पुढे ढकलण्याची सवय जीवघेणी ठरते. हदीसच्या विद्येत रिवायत कुणाकडून कुणाकडे आली याची सनद तपासल्याशिवाय ती स्वीकारत नाहीत. फोटोलाही अशी सनद हवी. ही सवय मुलांना लागली, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चित्राकडेही ती त्याच नजरेने पाहतील.

सुट्टीत करता येईल असे

नववी-दहावीची मुले हे काम सहज करू शकतात.

1. एकच प्रश्न निवडावा. उदाहरणार्थ, आपल्या घराण्याचा धंदा कसा चालायचा आणि का बदलला?
2. आधी कॅमेऱ्याशिवाय जाऊन बसावे, चहा घ्यावा, हेतू सांगावा आणि इजाजत घ्यावी.
3. मोबाईल आडवा आणि स्थिर ठेवावा, पंखा व टीव्ही बंद करावा. प्रश्न छोटा विचारावा आणि उत्तर मधे तोडू नये.
4. त्याच दिवशी वहीत नाव, गाव, तारीख, विषय आणि कुणाला दाखवण्याची परवानगी आहे, ते लिहावे.
5. फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. मोबाईल बिघडला की सगळे जाते.
6. शेवटी ते रेकॉर्डिंग त्या बुजुर्गांना आणि घरच्यांना दाखवावे. पाहता पाहता आणखी दहा गोष्टी आठवतात, त्याही लिहून घ्याव्यात.

आपल्याविषयी आकडे सांगणारे अहवाल आले, 2006 चा सच्चर समितीचा त्यांतला मोठा. त्यातून गरिबी आणि शिक्षणाची स्थिती कळली. पण आपले बुजुर्ग काय करत होते, शेजाऱ्यांशी कसे राहत होते, ते आकड्यांतून कळत नाही. ते विचारायला बाहेरून कुणी येईल, याची वाट पाहू नये. घरात ऐंशीच्या पुढचे कुणी असेल, तर येत्या जुम्याच्या नमाजीनंतर त्यांच्याजवळ बसून पहिला प्रश्न विचारावा.