गर्दीचे पंचांग आणि ऊर्जेचे पंचांग

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, नवरात्रात अंबाबाईच्या दारी रांगा लागतात आणि मे महिन्याच्या सुटीत कोल्हापुरातील धर्मशाळा व लॉज भरून जातात. या पाहुण्यांपैकी कित्येकजण परतताना चांदीचे पैंजण नेतात. ते आपल्या हुपरीत घडलेले असण्याचा संभव मोठा. तेव्हा पर्यटन वाढले तर आपल्याही पदरात काही पडते, हे सांगावयास नको. परंतु पाहुणा नुसता पैसा आणीत नाही. त्याला जेवण लागते, अंघोळीला ऊन पाणी लागते, रात्री दिवा आणि पंखा लागतो. ही वाढती गरज कोळसा जाळून भागवावयाची, की ऊन, वारा आणि पाणी यांच्या बळावर?

पाहुणे वाढले की अशा अक्षय ऊर्जेचा वापर आपोआप वाढतो, असा एक गोड समज आहे. आम्हांस तो खरा वाटत नाही. गर्दीचे एक पंचांग असते, तसे ऊर्जेचेही असते. ही दोन्ही मुद्दाम जुळवावी लागतात.

ती कशी जुळतात, हे शिर्डीस पाहावे. तेथील साई संस्थानाच्या प्रसादालयावर 2009 साली 73 मोठे अंतर्वक्र आरसे बसविण्यात आले. सूर्याबरोबर फिरणारे हे आरसे ऊन एका ठिकाणी एकवटतात, तेथे पाण्याची वाफ होते आणि ती नळांवाटे स्वयंपाकघरात जाऊन हजारोंचे अन्न शिजविते. ढगाळ दिवशी नेहमीचे इंधन आहेच. येथे यश आले, कारण ऊन तापण्याची वेळ आणि अन्न शिजविण्याची वेळ एकच आहे.

वाऱ्याचे गणित निराळे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या पावसाळी वाऱ्यात जोराने फिरतात. त्याच दिवसांत जवळचा ठोसेघरचा धबधबा पाहावयास लोक लोटतात, म्हणजे तेथे पंचांग जुळते. पण मे महिन्यातील दुपारी कोल्हापूरच्या गर्दीस त्या वाऱ्याचा भरवसा धरता येत नाही. त्या दुपारी ऊन कामास येते. मात्र संध्याकाळी, दिवे लागतात तेव्हा, तेही मावळलेले असते.

ही उणीव साठविलेले पाणी भरून काढते. कोयनेची वीज मागणीच्या ऐन वेळी उपयोगी पडते, कारण धरणातील पाणी हवे तेव्हा सोडता येते. आपल्या जिल्ह्यात शाहू महाराजांनी भोगावतीवर हाती घेतलेले राधानगरीचे धरण शेतीला पाणी देते आणि वीजही देते. पावसाळ्यात त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पाहणाऱ्यांची रीघ लागते. मात्र ज्या पाण्यातून धुराविना वीज निघते, ते पाहावयास आपण गाड्यांचा धूर सोडीत जातो, हेही ध्यानात असू द्यावे.

मग करावयाचे काय? प्रत्येक लॉजच्या छपरावर सौरबंब बसवावा. दिवसा तापलेले पाणी त्याच्या टाकीत पहाटेच्या अंघोळीपर्यंत ऊन राहते, म्हणजे येथे साठवणही फुकटची. यात्रेच्या उत्पन्नातील काही भाग अशा सोयींसाठी बाजूला काढावा. तसे न झाले तर पाहुण्यांच्या सोयीचा भार अखेर गावकऱ्यांवरच पडतो.

चांदी वितळविण्याआधी साचा तयार ठेवावा लागतो, हे हुपरीकरांना कोणी शिकवावयास नको. गर्दीचेही तसेच आहे. ती येण्यापूर्वी तयारी हवी.