ओळखा पाहू, आम्ही कुठले?

‘बाई, त्या मोबाइलनं पोरांचं डोकं फिरवलंय बघा!’ पालकसभेला आलेल्या आया हे हमखास म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही. पण मैत्रिणींनो, तोच मोबाइल मुलाच्या हातात न देता अख्ख्या वर्गासमोर ठेवला तर? बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी पाचवीला शिकवते. तिथे आम्ही हे करून पाहतो.

कल्पना काही माझी नव्हे. ‘मिस्टरी स्काइप’ नावाचा खेळ जगभरातले शिक्षक खेळत आलेत. दोन अनोळखी वर्ग व्हिडिओ कॉलवर भेटतात. आपण कुठले, हे कुणीच सांगायचं नाही. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारत ठिकाण ओळखायचं. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झालं, पण खेळाचं काही अडलं नाही. कुठलाही व्हिडिओ कॉल चालतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले गुरुजींनी तर परदेशातल्या वर्गांशी नातं जोडलं. २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं ते त्यांनाच.

माझी डी.एड.ची मैत्रीण कोकणात शिकवते. तिचा वर्ग आणि माझा वर्ग, अशी आमची जोडी. माझा फोन शाळेच्या टीव्हीला जोडला. मुलांचे गट पाडले : नकाशावाले, प्रश्नवाले, टिपणवाले.

‘तुमचा जिल्हा समुद्राला लागून आहे का?’ हो!
‘मुंबईच्या दक्षिणेला आहे का?’ हो!
‘गोव्याची हद्द लागते का?’ नाही. म्हणजे सिंधुदुर्ग गेला. उरले रायगड आणि रत्नागिरी. वर्गात नुसती कुजबुज. तेवढ्यात एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी उठली. ‘रायगड किल्ला तुमच्या जिल्ह्यात आहे का?’ नाही. ‘रत्नागिरी!’ सगळा वर्ग ओरडला. एरवी नकाशा भरायला दिला की जांभया देणारी हीच पोरं बरं का!

मग पाळी त्यांची. ‘तुमच्याकडची माणसं ऊस तोडायला बाहेरगावी जातात का?’ वर्ग एकदम गप्प. तीच मुलगी म्हणाली, ‘हो. माझे आई-बाबा आत्ता तिकडंच आहेत.’

खेळ संपला तरी कोकणातली मुलं प्रश्न विचारतच राहिली. कोयता त्यांना माहीत होता, पण आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादम उचल देतो ती त्या जोडीला, हे त्यांना नवीन होतं. आणि ते समजावून सांगत होती दहा वर्षांची पोर, अगदी बाई असल्यासारखी.

दिवाळीच्या सुमारास आमच्या वर्गातली काही बाकं रिकामी होतात. आई-बापांबरोबर मुलंही फडावर जातात. ही मुलगी आजीजवळ राहिली म्हणून शाळेत दिसते. ऊसतोडीचा प्रश्न व्हिडिओ कॉलनं सुटत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ज्या गोष्टीची तिला लाज वाटायची, तीच त्या दिवशी तिची विद्या झाली. घरात फोन आधी बापाच्या, मग भावाच्या हातात. मुलीची पाळी येतच नाही. वर्गात मात्र ती येते.

आम्ही काही नियम पाळतो. कॉल शिक्षकांच्याच फोनवरून, शाळेच्या वेळेत, दोन्ही बाजूला बाई हजर. मुलांचे नंबर द्यायचे नाहीत, फोटो कुठे टाकायचे नाहीत. आणि कॉलआधी आठवडाभर अभ्यास करायचा, कारण तयारी नसेल तर पोरं नुसते हात हलवून ‘हाय’ करतात.

तुमची बहीण, नणंद, वर्गमैत्रीण कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यात शिक्षिका असेलच. तिचा नंबर तुमच्या लेकीच्या बाईंना द्या. पुढचं त्या दोघी बघतील.