उगवत्या सूर्याच्या देशात पत आणि पथ्य

डिसेंबर महिन्यात शिरूरच्या किंवा दौंडच्या पेठेत दुपारचा एक वाजतो. गिऱ्हाईक थोडे ओसरते, घरून जेवणाचा डबा येतो. त्याच घटकेला टोकियोत साडेचार वाजलेले असतात आणि तेथे सूर्य मावळत असतो. कार्यालय सुटण्यास अद्याप अवकाश असतो. चौविहार पाळणाऱ्या घरात वाढलेल्या तरुणापुढे परदेशातील पहिला प्रश्न असा साध्या स्वरूपात उभा राहतो : जेवायचे केव्हा?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील व्यापारी कुटुंबांना जपान आता तितकासा दूर राहिलेला नाही. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे घरातील मुले अभियांत्रिकीकडे वळली. पुणे-नगर रस्त्याने शिरूर ओलांडून पुढे गेले की पारनेर तालुक्यातील सुपा येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र क्षेत्र राखले आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठासारख्या संस्थांत जपानी भाषा शिकवली जाते. तेव्हा पेढीवरचा एखादा मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त टोकियोला निघाली, तर त्यात नवल उरलेले नाही. मात्र निघण्यापूर्वी घरात होणारी चर्चा बहुधा पगार, व्हिसा आणि थंडीचे कपडे यांपाशी थांबते. खरी कसोटी पुढे असते.

ताटातील पथ्य

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी', म्हणजे पदार्थाला चव आणणारे पाणी. ते बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कीसापासून काढलेले असते. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, तळलेल्या भाजीसोबत येणारी पातळ चटणी, इतकेच नव्हे तर नुसत्या भोपळ्याची शिजवलेली भाजी, या सर्वांत ते असू शकते. वाढणाऱ्याच्या मनात फसवणुकीचा लवलेशही नसतो. ताटात मासा दिसत नाही, म्हणून तो पदार्थ शाकाहारीच, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. म्हणून "मी शाकाहारी आहे" एवढे सांगणे तेथे पुरत नाही. "निकु, साकाना, तामागो वा ताबेमासेन", म्हणजे मांस, मासे, अंडी खात नाही, हे वाक्य तर पाठ हवेच. त्यापुढे "साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन", म्हणजे माशाचे दाशीही चालत नाही, हेही सांगता आले पाहिजे.

बौद्ध मठांच्या परंपरेतील 'शोजिन र्योरी' हे भोजन पूर्ण शाकाहारी असते. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो आणि दाशी समुद्री शेवाळ व अळंबीपासून काढतात. जैन कुटुंबाला हे ऐकून समाधान वाटते. परंतु त्यात मुळा, गाजर, कमळाचे कंद ही कंदमुळे सर्रास असतात. दुसऱ्या धर्माचे पथ्य आपल्या पथ्यासारखे भासले, तरी ते नेमके तेच नसते, हे ध्यानी ठेवावे लागते.

दुकानातील बंद पाकिटांच्या बाबतीत काहीसा दिलासा आहे. अंडे आणि दूध हे ॲलर्जीकारक घटक म्हणून वेष्टनावर छापणे तेथे बंधनकारक आहे. जिलेटिन, चरबी आणि माशाचा अर्क यांची चिन्हे मात्र स्वतः ओळखावी लागतात. तांदूळ, टोफू, कोबी, काकडी, वांगी, भोपळा सर्वत्र मिळतात. टोकियोच्या निशि-कासाई भागातील भारतीय दुकानांत डाळी आणि मसाले मिळतात. ज्याला खिचडी, वरण, पोळी करता येते, त्याचे पथ्य टिकते. ज्याने घरी कधी गॅस पेटवलेला नाही, त्याचे पथ्य पहिल्या महिन्यातच डळमळते.

रात्रिभोजनाचा प्रश्न अधिक अवघड. जूनमध्ये टोकियोचा सूर्य सातपर्यंत असतो. हिवाळ्यात तो साडेचारलाच निरोप घेतो. वरिष्ठांना आधी विनयाने सांगून चारच्या सुमारास डबा उघडणे, सुट्टीच्या दिवशी आणि पर्वतिथींना चौविहार करणे, किंवा वर्षातील काही महिन्यांपुरता नियम घेणे, असे मार्ग निघू शकतात. कोणता नियम झेपेल हे निघण्यापूर्वीच घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवलेले बरे. तेथे जाऊन गुपचूप सोडलेला नियम मनाला बोचत राहतो आणि घरच्यांशी बोलण्यातही एक आडपडदा निर्माण करतो.

कामानंतर सहकाऱ्यांसोबत बसण्याची 'नोमिकाई' ही प्रथाही अशीच. तेथे मद्य घेतले जाते, आणि त्याच बैठकीत माणसांची खरी ओळख होते. ती नेहमी टाळणारा एकटा पडतो. परंतु तेथे ऊलाँग चहाचा पेला हातात घेऊन बसणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही. बैठकीला हजर राहणे महत्त्वाचे, पेल्यात काय आहे हे नव्हे.

कचरा, शेजार आणि शिस्त

नव्या माणसाची शेजाऱ्यांकडून पहिली परीक्षा होते ती कचऱ्यावरून. जळणारा कचरा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, कागद यांचे वार ठरलेले असतात आणि त्यांचे वेळापत्रक नगरपालिकेकडून मिळते. प्लास्टिकच्या बाटलीचे झाकण व कागद काढून, ती धुऊन, चेपून ठेवायची. पिशवी त्याच दिवशी सकाळी ठेवायची, आदल्या रात्री नव्हे. तोकुशिमा प्रांतातील कामिकात्सु या गावाने तर कचऱ्याचे चाळीसहून अधिक प्रकार केले आहेत. चुकीची पिशवी उचलली जात नाही. ती चिठ्ठी लावून तशीच राहते आणि येणारे-जाणारे ती पाहतात. पाठशाळेत उत्सर्ग समिती शिकलेल्याला, टाकाऊ वस्तू जपून व कोणास पीडा न होता टाकावी, हा विचार नवा नाही. नवीन आहे तो त्याचा रोजचा, बिनचूक आचार.

आगगाडीत फोनवर बोलू नये, उंबऱ्यापाशी पादत्राणे काढावीत, नव्या घरी आल्यावर शेजाऱ्यांकडे छोटी भेट घेऊन नमस्कार करून यावा, १४ दिवसांच्या आत पालिकेत पत्त्याची नोंद करावी, ठरल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी पोहोचावे : यांपैकी एकही गोष्ट अवघड नाही. अवघड आहे ते या सर्व गोष्टी कोणी न सांगता करणे, कारण चूक झाली तरी जपानी माणूस तोंडावर क्वचितच बोलतो.

या सौजन्याला दुसरी बाजूही आहे. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधणाऱ्या परदेशी लोकांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी, परदेशी असल्यामुळे आपल्याला घर नाकारले गेले, असे सांगितले होते. खासगी घरमालक जामीनदार आणि परत न मिळणारी 'रेइकिन' ही रक्कमही मागतात. 'यूआर' या सरकारी गृहसंस्थेच्या घरांना जामीनदार लागत नाही, रेइकिनही नसते. एदोगावा वॉर्डातील निशि-कासाई येथे इतके भारतीय एकवटले, याचे हे एक मोठे कारण आहे.

पत मिळते कशी

जपानी भाषेत माणसावरील विश्वास आणि व्यापारातील पत या दोहोंसाठी 'शिन्यो' हा एकच शब्द आहे. पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालवणाऱ्या घराला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ओमी, म्हणजे आजच्या शिगा प्रांतातील जुन्या फिरत्या व्यापाऱ्यांचे तत्त्व 'सानपो योशी' या शब्दांत सांगितले जाते : विकणाऱ्याचे भले, घेणाऱ्याचे भले आणि समाजाचेही भले.

भारतीय व्यापाऱ्यांनी ही पत तेथे पूर्वीच कमावली आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजीच्या महाभूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील भारतीय रेशीम व्यापारी कोबेला गेले. योकोहामाने त्यांना परत बोलावण्यासाठी साहाय्य केले. त्याची कृतज्ञता म्हणून भारतीयांनी पुढे यामाशिता उद्यानात घुमटाकार जलस्थान बांधून दिले. ते आजही उभे आहे. कोबेच्या मोत्यांच्या व्यापारात जैन कुटुंबे स्थिरावली आणि त्यांनी १९८५ साली कितानो भागात भारतातून आणलेल्या संगमरवराचे महावीर स्वामींचे मंदिर उभारले. ज्याला एकटेपणा जाणवतो, त्याला पर्युषणात जाण्यासाठी ते एक हक्काचे ठिकाण आहे.

महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक यांचे उदाहरण अलीकडचे. २०१२ साली त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले आणि २०१९ साली ६,४७७ मते मिळवून ते एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. केवळ भारतीयांच्या मतांवर हे घडणे शक्य नव्हते. शेजारच्या जपानी मतदाराने त्यांना आपले मानले, म्हणूनच ते घडले.

परदेशी गेलेल्या मुलांपुढे दोन सोपे मार्ग असतात. एक, सर्व नियम सोडून तेथल्यासारखे होणे. दुसरा, चार भारतीयांत कोंडून घेऊन जपानी शेजाऱ्याशी संबंधच न ठेवणे. पहिल्यात पथ्य जाते, दुसऱ्यात पत मिळत नाही. आपले पथ्य त्यांच्या भाषेत स्पष्ट सांगणारा आणि त्यांचा कचऱ्याचा वार न चुकवणारा माणूस मात्र दोन्ही सांभाळतो. आपल्या नियमाला प्रामाणिक असणारा आपल्या नियमांनाही जपेल, हे जपानी मनाला पटते.

त्यासाठी घरातून निघताना सामानात खाकऱ्याचे डबे असावेतच. पण त्याआधी सहा महिने स्वयंपाक आणि वर्षभर भाषेचा अभ्यास व्हावा. घरच्यांनीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. दुकान बंद करून रात्री नऊला फोन लावला, तर तेथे साडेबारा वाजून गेलेले असतात आणि थकलेला मुलगा दोन शब्द बोलून फोन ठेवतो. सायंकाळी सहाला, दिवाबत्तीच्या वेळी फोन करावा. तेथे साडेनऊ झालेले असतात, तो घरी परतलेला असतो, आणि आज चार वाजता डबा खाता आला की नाही, हे तो निवांतपणे सांगू शकतो.