ग्रंथपालांना प्रश्न कसा विचारावा?

'जुन्या गोव्याविषयी काही आहे का?' असे विचारत अनेक लेखक आणि विद्यार्थी ग्रंथालयात जातात. एवढ्या मोठ्या प्रश्नाला उत्तर म्हणून इतिहासाचे कपाटच दाखवले जाते. दोष कपाटाचा नसतो, प्रश्नाचा असतो.

जाणते ग्रंथपाल उलट विचारतात : काळ कोणता? गाव कोणते? माहिती हवी कशासाठी? समजा, कादंबरीत १९१० च्या सुमाराचे पणजीतले लग्नघर उभे करायचे आहे. तेव्हा राजवटींचा इतिहास फारसा उपयोगी पडत नाही. त्या वर्षांची वृत्तपत्रे, त्यांतल्या जाहिराती आणि बाजारभाव उपयोगी पडतात.

दुसरी अडचण नावांची. पणजीचे पोर्तुगीज काळातले अधिकृत नाव 'नोव्हा गोवा'. त्यामुळे केवळ 'पणजी' शोधणाऱ्याच्या हाती जुने कागद लागत नाहीत. काकोडकर हे आडनाव पोर्तुगीज लेखनपद्धतीने रोमन 'के'खाली नव्हे, 'सी'खाली सापडते. मराठी पुस्तकांवर अनेकदा शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. जानेवारी ते चैत्रारंभ या काळासाठी मात्र ७९ मिळवावे लागतात. एका वर्षाच्या चुकीने चुकीचा अंक चाळण्यात दिवस जातो. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे. अशा जुन्या संग्रहात या खुणा ठाऊक असलेला माणूसच खरा वाटाड्या.

म्हणून जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात : काळ, स्थळ, नावाची माहीत असलेली सर्व रूपे आणि आधी काय पाहिले ते. मराठी पुस्तक हवे असेल, तर शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची ग्रंथसूची आधी पाहावी. लेखक, शीर्षक, वर्ष हाती असले की बेळगाव, इंदूर, हैदराबाद कुठेही विचारणा करता येते. सापडलेल्या मजकुराची तारीख आणि पृष्ठ तिथेच टिपावे.

मात्र ग्रंथपाल संदर्भापर्यंत नेतात. तो खरा की खोटा, हे ठरवणे लेखकाचेच काम.

आणखी एक कर्तव्य आपण विसरतो. कोणत्या फाइलीत काय दडले आहे, हे ज्ञान बहुधा सूचीत नसते. ते ग्रंथपालांच्या स्मरणात असते आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर जाते. म्हणून पुस्तक छापून झाल्यावर त्याची एक प्रत ग्रंथालयाला द्यावी. सोबत एक कागद जोडावा : काय, कुठे, कोणत्या नावाखाली सापडले. पुढच्या अभ्यासकाची वाट त्या कागदापासून सुरू होईल.