दगडातले न्यायमंदिर

पांढरकवड्याहून एस.टी.ने नागपूरला जाताना खिडकीतून कोणता दगड दिसतो, हे कधी पाहिले आहे का? रस्त्याच्या कडेला, नाल्यात, विहिरीच्या कठड्याला, सगळीकडे काळा दगड. हा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि थिजला, त्याचा हा बनलेला. थिजताना तो आकसतो, तडकतो, आणि कधी कधी त्याचे सहा कोनांचे खांब तयार होतात. वणी-पांढरकवडा परिसरात शिबला-पारडीजवळ असे खांब आढळल्याची बातमी २०२२ साली आली होती. तुमच्यापैकी काहींनी ते पाहिलेही असतील.

दीडशे किलोमीटरच्या प्रवासानंतर नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये जा. तेथे उच्च न्यायालयाची भव्य इमारत उभी आहे, पण तिचा दगड काळा नाही! तो आहे वालुकाश्म.

ही इमारत बांधली कोणासाठी? त्या काळी नागपूर ही 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या प्रांताची राजधानी होती आणि आपला यवतमाळ जिल्हा वऱ्हाडात मोडत असे. जानेवारी १९३६ मध्ये या प्रांताला स्वतःचे उच्च न्यायालय मिळाले. ९ जानेवारी १९३७ रोजी गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी इमारतीची कोनशिला बसवली. वास्तुशिल्पी होते हेन्री मेड; नवी दिल्लीच्या उभारणीत काम केलेला हा माणूस. चारशे फूट लांब व दोनशे तीस फूट रुंद अशी दुमजली इमारत, मध्ये बागेचा चौक, आणि आराखड्याप्रमाणे मधला घुमट जमिनीपासून १०९ फूट उंच. अंदाजित खर्च होता ७ लाख ३७ हजार ७४६ रुपये. ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी उद्घाटन केले व इमारतीला दगडातले काव्य म्हटले. व्हाइसरॉय मंडळी उद्घाटनाला असे काही बोलतच, पण येथे ते अगदीच वावगे नव्हते.

आता काव्य बाजूला ठेवून दगडाकडे वळू. बेसाल्ट हे अग्नीचे अपत्य, तर वालुकाश्म पाण्याचे. प्राचीन नद्यांनी वा समुद्राने आणलेले वाळूचे कण थरांवर थर साचून दाबले गेले आणि सिलिका, लोह किंवा चुना यांनी चिकटले, की वालुकाश्म होतो. म्हणून तो छिन्नीला बेसाल्टपेक्षा सहज वश होतो. पण त्यात बारीक छिद्रे असतात. दोन्ही दगडांचे कोरडे तुकडे घेऊन त्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाका. बेसाल्टवर थेंब बराच वेळ राहील, वालुकाश्मात तो लवकर मुरेल. मुरलेल्या पाण्याबरोबर क्षार आत जातात; पाणी उडून गेले की त्यांचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. जुन्या भिंतींची डागडुजी करताना सिमेंट का जपून वापरावे लागते, त्याचे कारणही हेच आहे. चुन्याच्या सांध्यातून ओल बाहेर पडते, घट्ट सिमेंट मात्र तिला आतच अडवते.

व्हरांड्यांत व कचेऱ्यांत शहाबादी फरशी बसवलेली होती. ती तुमच्या घरातही असेल. हा चुनखडक, तिच्या तुकड्यावर प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो. तो वायू कार्बन डाय-ऑक्साइड.

भिंती मात्र आरपार दगडी नाहीत. बाहेरून घडीव दगड आणि आतला भरणा विटांचा. नागपूरचा मे महिना ठाऊक आहे ना? पारा पंचेचाळीसच्या वर जातो. जाड भिंतीतून उष्णता अतिशय हळू आत सरकते. दुपारचे ऊन आतल्या पृष्ठभागापर्यंत पोहोचेपर्यंत कचेरी सुटण्याची वेळ झालेली असते!

घुमटाचे कोडे वेगळे आहे. जुना रबरी चेंडू मधोमध कापून अर्धा भाग टेबलावर पालथा घाला आणि तळव्याने दाबा. कड बाहेर पसरते. आता कडेभोवती दोरी घट्ट बांधून पुन्हा दाबा, पसरणे कमी होते. कोणताही घुमट खाली ढकलतो त्याबरोबर बाहेरही ढकलतो, आणि तो बाहेरचा रेटा कोणीतरी सोसावा लागतो. ते काम जाड भिंती करतात किंवा भोवतीचे कडे करते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, नागपूरचे राजधानीपद गेले आणि येथील उच्च न्यायालयही संपुष्टात आले. ज्या प्रांतासाठी एवढे दगड घडवले, तो प्रांतच उरला नाही. इमारत रिकामी पडली नाही, कारण तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. विदर्भातले जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत, त्यामुळे केळापूरच्या न्यायालयातला निकाल मान्य नसलेला पक्षकार आजही अपिलासाठी हाच महामार्ग धरतो. पांढरकवडा वनविभागातली टी-१ वाघीण, म्हणजे अवनी, आठवते ना? तिला बेशुद्ध करून पकडावे, ते न जमल्यास गोळी घालावी, या आदेशाविरुद्धची दाद २०१८ साली याच खंडपीठापुढे मागितली गेली. न्यायालयाने आदेश कायम ठेवला, आणि त्या वर्षीच्या २ नोव्हेंबरच्या रात्री अवनी मारली गेली.