गिरणीतल्या बाया, सभेतल्या बाया

गिरणी कामगार म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो कोकणातून किंवा घाटावरून आलेला पुरुष. बायको गावी, नाहीतर चाळीत खानावळ चालवणारी. खानावळवाल्या बायांनी गिरणगाव पोसलं, हे खरंच. पण बाया गिरणीच्या आतही होत्या. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. बहुतेकजणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात. सूत गुंडाळायचं, तुटलं की सांधायचं. हे काम ‘हलकं’ म्हणून आजही सांगितलं जातं. पण ते उक्तं होतं. जेवढं सूत तेवढा पैसा. वारंवार तुटणारं सूत वाट्याला आलं की कमाई गेली. शिवाय कामावर राहायचं तर नायकिणीची, म्हणजे खात्यावरच्या मुकादम बाईची, मर्जी सांभाळायची.

संघटनेत बाया मागाहून आल्या, हाही समज चुकीचा आहे.

सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत त्यांच्या सभेला सुमारे १०,००० कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. चारचौघांत बाईने आवाज चढवणंही ज्या काळात खपत नव्हतं, त्या काळात! मागणी होती आठवड्याच्या सुट्टीची, आणि त्याच वर्षी ती मिळाली. पुढे १९२८च्या सहा महिन्यांच्या संपातही बाया होत्या. उषाताई डांगे यांनी गिरणी कामगार स्त्रियांत वर्षानुवर्षं काम केलं.

बाळंतपणाची भत्त्यासकट रजा मालकांच्या दयेने आली, असंही मानलं जातं. ती कायद्याने आली. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली त्यासाठीच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याची ठाम बाजू घेतली. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानेही त्याचा काही भार उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली कायदा झाला.

मग गिरणीतल्या बाया गेल्या कुठे? घर सांभाळायला आपणहून गेल्या, हा सगळ्यांत अन्यायकारक गैरसमज आहे. १९३०च्या दशकात कामगारकपात सुरू झाली. रात्रपाळीला बायांना कायद्याने मनाई होती, बाळंतपणाचा खर्च मालकांना नकोसा झाला होता, आणि कुटुंबाचा पोशिंदा पुरुषच, ही समजूत संघटनांतही होती. बायांची खाती आकसत गेली.

लालबाग-परळमध्ये आजही अशी घरं आहेत, जिथली आजी किंवा पणजी वाइंडिंग खात्यात होती. तिच्याविषयी घरच्यांना विचारा आणि जे सांगतील ते लिहून ठेवा.